जेफ बेक, रॉनी स्कॉट्स, २००७ : या अल्बममध्ये ऐकायचं काय?

प्रश्न असा आला आहे : "काही वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतोय. जो सत्रियानी, स्टीव्ह वाय भरपूर ऐकलेत. जेफ बेकचा 'परफॉर्मिंग धिस वीक... लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स' सगळे डोक्यावर घेतात म्हणून ऐकला. वाईट नाही, पण एवढं काय आहे त्यात? गाणारं कोणी नाही, वेगही त्या दोघांच्या मानाने कमी. कसा ऐकायचा हा अल्बम? आणि लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात म्हणे. मग त्याला लाइव्ह तरी का म्हणायचं?"

मी गिटार वाजवतो, शिकवतो, पण घर चालतं ते लाइव्ह कार्यक्रमांच्या साउंडवर. त्यामुळे हा अल्बम मी जेवढा गिटारवाल्याच्या कानाने ऐकतो तेवढाच मिक्सरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या कानाने. दोन्हीकडून ऐकून मला एकच गोष्ट सांगाविशी वाटते : जेफ बेक या इंग्रज गिटारवादकाला भर कार्यक्रमात आवाज कमी करायची भीती वाटत नव्हती. तुम्हाला अल्बममध्ये जे 'कमी' वाटलं, तिथेच कान लावायचा आहे.

पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करू नका. पहिला आहे 'बेक्स बोलेरो'. मूळ ध्वनिमुद्रण १९६६ चं, आणि त्यात जिमी पेज, जॉन पॉल जोन्स, कीथ मून, निकी हॉपकिन्स अशी मंडळी होती. पेज आणि जोन्स यांचा लेड झेपलिन हा बँड निघण्याआधीचं हे प्रकरण. इतिहास म्हणून भारीच, पण या अल्बमात ती नांदी आहे, नाटक पुढे आहे. तुम्ही थेट 'गुडबाय पोर्क पाय हॅट' आणि त्याला जोडून येणारं 'ब्रश विथ द ब्लूज' लावा. पहिली चार्ल्स मिंगसची रचना, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग गेल्यावर त्याच्यासाठी केलेली. दुसरी बेकच्या १९९९ च्या 'हू एल्स!' अल्बममधली, संथ ब्लूज. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन घाला, इक्वलायझर बंद ठेवा, आणि आवाज एकदा ठरवला की त्या बटणाला हात लावू नका. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. संथ भागात ऐकू येईना म्हणून तुम्ही आवाज वाढवलात, की त्याने हाताने केलेलं सगळं काम तुम्ही पुसून टाकलंत.

आता हाताचं काम म्हणजे काय ते सांगतो.

बेकने ऐंशीच्या दशकात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, जवळजवळ सोडून दिलं. तो अंगठ्याने आणि बोटांनी वाजवायचा. अंगठ्याचा मांसल भाग तारेवर पडला की सुरुवात गोल येते, नखाची कड लागली की धार येते, आणि तार बोटाने वर उचलून सोडली की ती फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून फटका बसतो. पिकने हे तिन्ही काढता येतात, पण पिक हातात असताना बाकीची बोटं अर्धी बेकार होतात. बेकची ती मोकळी राहिली आणि त्याने त्यांना दुसरी नोकरी दिली. करंगळी त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर, आणि व्हायब्रेटोची दांडी, आपण जिला व्हॅमी बार म्हणतो ती, तळव्याखाली किंवा बोटांच्या पेरांत. प्रत्येक स्वर काढताना तीन निर्णय एकदम : तारेला कसा स्पर्श, किती आवाज, आणि स्वर सरळ ठेवायचा की हलवायचा.

व्हॉल्यूम नॉबला गिटार शिकणारी मुलं घरातल्या मेन स्विचसारखं वागवतात. एकदा पूर्ण चालू, मग कार्यक्रम संपल्यावरच हात. व्हॉल्व्हच्या अँपला (ॲम्प्लिफायरला) मात्र गिटारकडून किती सिग्नल येतो यावर त्याचा स्वभाव बदलतो. नॉब दहावर असेल तर अँप चिडतो, फाटतो, स्वर लांबतात. पाचवर आणला तर तोच अँप, काहीही न बदलता, बऱ्यापैकी स्वच्छ बोलायला लागतो. तीनवर तो जवळजवळ अकूस्टिकसारखा कोरडा होतो. म्हणजे पायाखाली आवाज बदलणाऱ्या पेडलची रांग न लावता एकाच आवाजातून कुजबुज, बोलणं आणि ओरडणं तिन्ही निघतात, आणि मधल्या सगळ्या पायऱ्याही. चॅनल बदलायचं पेडल दाबलं की एक आवाज संपून दुसरा सुरू होतो, सांधा कळतो. बेकच्या वाजवण्यात सांधा सापडत नाही, कारण तिथे तो नसतोच.

'ब्रश विथ द ब्लूज'मध्ये हे उघड ऐकू येतं. एक ओळ इतक्या हळू वाजते की क्लबमधली माणसंही गप्प होतात, आणि पुढचीच ओळ कानाखाली वाजवल्यासारखी येते. मधे काही भरलेलं नाही. आपल्याकडच्या कॉलेज स्पर्धांत मी बघतो, सोलो आला की मुलं भीतीनेच सगळी जागा भरून टाकतात. एक मात्रा मोकळी सोडायची हिंमत होत नाही, प्रेक्षक निसटतील असं वाटतं. प्रेक्षक निसटतात ते खरं तर सगळंच मोठ्याने असतं तेव्हा.

सत्रियानी आणि वाय यांच्याशी तुलना तुम्हीच काढलीत म्हणून बोलतो. सत्रियानी हा उत्तम चाल लिहिणारा माणूस आहे. त्याची गाणी शब्दांविना असूनही मुखडा-अंतरा असल्यासारखी बसतात, आणि डिसेंबर २००० मध्ये फिलमोर सभागृहात मुद्रित झालेला 'लाइव्ह इन सॅन फ्रान्सिस्को' ऐकताना कळतं की प्रेक्षकांना ती तोंडपाठ आहेत. वायचं सगळं प्रकरण रचनेचं आणि नाट्याचं. दोघांच्याही मंचावरच्या वादनात एक ठरलेपण आहे, आणि ते मला दोष वाटत नाही. बेककडे गाणी फारशी स्वतःची नाहीत. या अल्बमच्या सोळा ट्रॅक्सपैकी कितीतरी दुसऱ्यांची : स्टीव्ही वंडर, मिंगस, बिली कॉबम, जॉन मॅक्लॉफ्लिन, बीटल्स, नितिन सॉनी. तो चाल उसनी घेतो आणि गायकाने दुसऱ्याची चीज गावी तशी म्हणतो. त्यामुळे त्याच्याकडे 'काय वाजवलं' यापेक्षा 'कसं म्हटलं' हे ऐकायचं असतं. गाणारं कोणी नाही असं तुम्ही लिहिलंत, त्याच्याशी मी सहमत नाही ते यामुळेच.

आणि याचा सगळ्यात सरळ पुरावा मराठी कानाला 'नादिया'त मिळेल. ही चाल नितिन सॉनी या ब्रिटिश-भारतीय संगीतकाराची, त्याच्या १९९९ च्या 'बियाँड स्किन' या अल्बममधली, आणि मूळ गायिका स्वाती नाटेकर. मूळ गाण्यात खाली वेगवान इलेक्ट्रॉनिक ताल धावतो आणि वर हिंदुस्थानी वळणाची संथ, लांबलचक गायकी. बेकने ती आधी २००१ च्या 'यू हॅड इट कमिंग'मध्ये वाजवली आणि रॉनी स्कॉट्समध्येही घेतली. दोन्ही पाठोपाठ ऐका, आधी नाटेकर, मग बेक. शब्द काढून टाकले तरी त्याने श्वासाच्या जागा गाळलेल्या नाहीत. स्वर जिथून उचलला तिथूनच उचलतो, मींड जिथे रेंगाळते तिथे रेंगाळतो, छोट्या हरकती गिळून टाकत नाही.

हे गिटारवर अवघड का, ते तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो. गिटारला फ्रेट आहेत, म्हणजे स्वरांमध्ये पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या चुकवायचे तीन रस्ते : तार बोटाने ओढणं (सतारिये करतात तेच, फक्त इथे जागा कमी), तारेवरून सरकवायची काचेची किंवा धातूची नळी, म्हणजे स्लाइड, आणि दांडी. बेकने 'नादिया'साठी मुख्यतः दांडी निवडली. डावं बोट एका फ्रेटवर, तार एकदाच छेडलेली, आणि तेवढ्यात दांडीने दोन-तीन स्वर फिरून यायचं. दांडी दाबली की सगळ्या तारांचा ताण एकदम सैल होतो, पण प्रत्येक तार सारखी उतरत नाही. तिसऱ्या तारेवर जेवढ्या दाबाने एक पूर्ण स्वर उतरतो तेवढ्याच दाबाने पहिल्या तारेवर कमी उतरतो. दांडीवर खुणा नाहीत. म्हणजे प्रत्येक तारेसाठी हाताला वेगळं माप शिकवावं लागतं, आणि ते माप फक्त कानाने तपासता येतं. हार्मोनियमवर मींड येत नाही म्हणून पूर्वी केवढे वाद झाले. फ्रेटवाल्या वाद्यातून ती काढायला या इंग्रज माणसाने एक स्प्रिंगवाला पूल (तारा जिथे अडकवतात तो गिटारचा भाग, दांडी त्यालाच जोडलेली असते) पणाला लावला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

सूक्ष्म श्रुती वगैरेच्या चर्चेत मात्र शिरू नका. बेक हिंदुस्थानी संगीत वाजवत नव्हता, त्याचा तसा दावाही नव्हता. रागाची शिस्त तिथे शोधलीत तर निराश व्हाल. त्याने एका गायिकेचं गाणं नीट ऐकलं आणि ते वाद्यात उतरवलं, एवढंच.

'एंजल'मध्ये तो स्लाइड घेतो, तोही उलट्या हातात. रचना टोनी हायमसची. चाल वर चढत चढत फ्रेटबोर्ड संपतो, तेव्हा तो स्लाइड उजव्या हाताने पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या) बाजूला, जिथे फ्रेट नाहीतच, तिथे तारांवर ठेवून वाजवतो. तिथे अर्धस्वराचं अंतर इतकं बारीक असतं की थोडं सरकलं तरी बेसूर. हे ऐकून कळत नाही, पाहावं लागतं. या कार्यक्रमांचं चित्रीकरणही प्रसिद्ध झालं आहे. आधी ऐका, मग पाहा. उलटा क्रम ठेवलात तर डोळे हातावर राहतात आणि कान सुटीवर जातात. चित्रीकरणात जॉस स्टोन, इमोजेन हीप आणि एरिक क्लॅप्टन पाहुणे म्हणून येऊन गातात. मूळ अल्बममध्ये ते नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं.

आता जागा आणि बाकीचे वादक. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण लाइव्ह अल्बममध्ये गिटारवादकाचं नाव मोठं छापतात पण अर्धा अल्बम खोलीचा असतो.

रॉनी स्कॉट्स हा लंडनच्या सोहो भागातला जॅझ क्लब. १९५९ मध्ये रॉनी स्कॉट आणि पीट किंग या दोन सॅक्सोफोनवादकांनी जेरार्ड स्ट्रीटवर सुरू केला, १९६५ मध्ये तो फ्रिथ स्ट्रीटवर गेला. सप्टेंबर १९७० मध्ये जिमी हेंड्रिक्स मृत्यूच्या दोन दिवस आधी इथे येऊन वाजवून गेला होता. जागा अडीचशेच्या आसपास माणसांची, टेबलं मांडलेली, मंच हाताच्या अंतरावर. स्टेडियमच्या आकाराच्या माणसाने नोव्हेंबर २००७ मध्ये आठवडाभर तिथे वाजवलं, त्यातून हा अल्बम झाला, आणि २००८ मध्ये बाहेर आला.

साउंडवाल्याच्या नजरेने अशा खोलीत एक मोठी अडचण आणि एक मोठा फायदा असतो. अडचण ड्रमची. रॉक ड्रमर मनापासून वाजवायला लागला की एवढ्या खोलीत त्याला माइकची गरजच नसते, आणि त्याच्या झांजा बाकी सगळ्यांच्या माइकमध्ये घुसतात. ड्रमरने हात आवरला नाही तर गिटारवाला अँप वाढवतो, मग बेस, मग मॉनिटर (वादकांकडे वळवलेले स्पीकर), आणि तासाभरात समोरचे लोक कानात टिश्यू घालतात. फायदा असा, की ड्रमरने हात आवरला तर गिटारवाल्याला खरोखर हळू वाजवता येतं. स्टेडियममध्ये हळू वाजवणं हा आभासच असतो. तिथे हळू स्वरही मोठ्या पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरमधून, मोठा होऊनच मागच्या रांगेपर्यंत जातो. इथे अंगठ्याचा तारेवरचा स्पर्श पहिल्या टेबलापर्यंत हवेतून जातो.

आणि ड्रमर कोण, तर विनी कोलायुटा. फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराकडे घडलेला, पुढे स्टिंगबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेला. 'स्टेटस' नव्हे, 'स्ट्रेटस' लावा (नाव चुकून दुसरंच सापडतं म्हणून सांगितलं). बिली कॉबमची १९७३ ची रचना, मूळ मुद्रणात गिटारवर टॉमी बोलिन. बेसचा एकच तुकडा अखंड फिरत राहतो. कोलायुटा त्यावर भर घालतो, जोर दुसऱ्याच मात्रेवर टाकतो, वाटतं सम हुकली, आणि तो बरोबर जागेवर येतो. आवाज वाढवून हे काम कोणीही रेटेल. तो ते आवाजाच्या आत राहून करतो. 'स्पेस बूगी'त सात मात्रांचं वळण आहे, पण तिथे रूपकाची टाळी-खाली शोधत बसू नका, वेगाने धावणाऱ्या गाडीसारखं ते निघून जातं. 'स्कॅटरब्रेन'ची धावपळ १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो'मधली. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने केलेला तो अल्बम. तुम्हाला वेग हवा होता ना, तो या दोन ट्रॅक्समध्ये आहे. मला ते बाकीच्यांच्या मानाने कमी लागतात, पण कार्यक्रमाला त्यांची गरज आहे. सतत संथ ऐकवलं तर हळू वाजवण्याची किंमत राहत नाही.

बेसवर टॅल विल्केनफेल्ड, ऑस्ट्रेलियातून आलेली, तेव्हा वीस वर्षांची. 'कॉज वीव्ह एंडेड ॲज लव्हर्स' ही स्टीव्ही वंडरची रचना. 'ब्लो बाय ब्लो'वर बेकने ती रॉय ब्यूकॅनन या गिटारवादकाला अर्पण केली होती, आणि तेव्हापासून ती बेकचीच झाली. तीस वर्षं जी चाल लोकांनी मुख्यतः त्याच्या गिटारवर ऐकली, तिच्या मध्यात तो बाजूला होतो आणि सोलो बेसला देतो. टॅल वरच्या पट्टीत, गाता येईल अशा ओळी वाजवते, एकही स्वर दाखवण्यासाठी नाही. इथे ड्रम काय करतोय तेही ऐका. जवळजवळ काहीच नाही. जेसन रिबेलोचा कीबोर्डही फक्त स्वरांची चादर धरून आहे. पूर्ण अल्बममध्ये रिबेलोबद्दल कोणी बोलत नाही, आणि ते त्याच्या कामाचं यशच म्हणायला हवं. गिटारच्या पट्टीत तो जवळपास शिरतच नाही. साउंडवाले असा कीबोर्डवाला मिळाला की त्याला चहा पाजतात.

दुरुस्तीचा प्रश्न आता घेतो. हो, करतात. लाइव्ह अल्बमच्या जगात ते जुनं आणि उघड गुपित आहे. मंचावरून प्रत्येक वाद्याचा सिग्नल दोन वाटांनी नेला जातो : एक सभागृहाच्या मिक्सरकडे, दुसरी मुद्रणाच्या यंत्रणेकडे. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असलं की नंतर त्यातला एक ट्रॅक बदलता येतो. सगळ्यात जास्त बदललं जातं ते गायकाचं, कारण गायकाचा सूर लोकांना लगेच कळतो. त्यानंतर गिटार. आणि अनेक रात्री मुद्रित केल्या असतील तर दुरुस्तीऐवजी निवड करता येते : मंगळवारचा हा ट्रॅक, शुक्रवारचा तो. याला मी तरी फसवणूक म्हणणार नाही. वृत्तपत्रातला छायाचित्रकारही वीस फोटोंतून एकच छापतो.

पण छोट्या खोलीत दुरुस्ती महाग पडते. गिटारच्या अँपसमोरच्या माइकमध्ये ड्रमच्या झांजा शिरलेल्या असतात, ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरलेली असते. तुम्ही गिटारचा ट्रॅक बदलला तरी जुनी गिटार ड्रमच्या वरच्या माइकमधून भुतासारखी ऐकू येत राहते. शिवाय बेकसारख्या माणसाचा आवाज अँप, खोली आणि त्या क्षणीचा नॉब यांच्या भांडणातून तयार होतो. स्वर लांबतो तो अँपचा आवाज हवेतून परत तारेला हलवतो म्हणून. ते स्टुडिओत नंतर बसून जुळवणं म्हणजे नवं काम. लाइव्ह अल्बम ऐकताना कान तीन ठिकाणी ठेवा. मुख्य वाद्याभोवतीची खोली सोलो सुरू होताना अचानक बदलते का? टाळ्यांचा आवाज दोन ट्रॅक्सच्या मध्ये खोली सोडून स्टेडियमचा होतो का? आणि बाकीचे वादक सोलोला उत्तर देतात का? तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. गिटारने अचानक काही वेगळं केलं आणि ड्रमरने पुढच्याच अर्ध्या मात्रेत ते उचललं, तर ते दोघं एकाच वेळी एकाच खोलीत होते. नंतर भरलेल्या सोलोला कोणी उत्तर देत नसतं.

गंमत म्हणून सांगतो, याच्या उलटही झालं आहे. कोलायुटाच्या आधीच्या मालकाने, झॅपाने, १९७९ च्या 'जोज गराज'मध्ये मंचावर वाजवलेले गिटार सोलो उचलून पूर्ण वेगळ्या स्टुडिओ ट्रॅक्सवर चिकटवले. म्हणजे स्टुडिओ अल्बम, आत लाइव्ह गिटार. आणि कोलायुटाचे ड्रम तिथेही आहेत.

'अ डे इन द लाइफ' तुम्हाला पहिल्यांदा साधं वाटलं असेल. २०१० मध्ये याच मुद्रणाला रॉक वाद्यसंगीत सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं, ते बाजूला ठेवा. बीटल्सच्या मूळ गाण्यात जॉन लेननचा थकलेला, अलिप्त आवाज, मध्ये पॉल मॅकार्टनीचा सकाळी उठून धावपळ करणारा तुकडा, आणि दोनदा चाळीस वादकांचा वाद्यवृंद खालून वर चढत जातो. बेकने लेननचा भाग जवळजवळ बोलल्यासारखा वाजवला आहे. ओळीच्या शेवटी स्वर किंचित खाली सोडतो, माणूस वाक्य संपवताना सोडतो तसा. मॅकार्टनीच्या भागात स्पर्श बदलतो, कोरडा आणि टोकदार होतो. एकच गिटार, दोन माणसं. वाद्यवृंदाच्या जागी फक्त चार जणांचा गोंगाट चढतो आणि तुटतो. हा ट्रॅक शब्द माहीत असलेल्या मित्राला ऐकवा. तो ओठ हलवायला लागतो.

शेवटचा ट्रॅक 'व्हेअर वेअर यू', मूळ १९८९ च्या 'गिटार शॉप'मधला. त्यामागे बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगायनाची प्रेरणा आहे. तार दाबायची नाही, ठरावीक जागी नुसतं टेकून हार्मोनिक काढायचा, म्हणजे घंटेसारखा स्वर येतो, आणि मग चाल दांडीने वाजवायची. हार्मोनिकच्या जागा तारेवर ठरलेल्या, त्यामुळे हवा तो स्वर बहुधा तिथे नसतोच. दांडीने त्याला तिथे न्यावं लागतं, आणि छेडण्याआधीच दांडी योग्य मापात दाबलेली असावी लागते. शिवाय नॉब शून्यावरून वर. छेडल्याचा आवाज लपतो, स्वर कुठूनतरी उगवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे वाजवून पाहायला सांगतो ते जमावं म्हणून नाही. आपला कान किती ढोबळ आहे ते पाच मिनिटांत कळतं.

सरावाचं म्हणाल तर. स्ट्रॅटोकास्टर असेल तर पूल गिटारच्या अंगाला चिकटवून ठेवू नका, मागच्या स्प्रिंग सैल करून थोडा तरंगता ठेवा. बरेच लोक मापं अशी बसवतात की दांडी पूर्ण वर ओढल्यावर तिसरी तार तीन अर्धस्वर, दुसरी दोन आणि पहिली एक वर जाते. पहिल्यांदा हे एखाद्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्या, कारण एक स्प्रिंग हलली की सहाही तारा बिघडतात. वरच्या नटमध्ये (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत) तार अडकत असेल तर दांडी सोडल्यावर सूर परत येणार नाही. बेकच्या नावाच्या फेंडर गिटारवर त्यासाठी रोलर नट असतो. आपल्याला तेवढा खर्च नको असेल तर नटच्या खाचा नीट घासून घेणं आणि त्यात पेन्सिलचं ग्रॅफाइट भरणं एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मग एखादी मराठी चाल घ्या, जी तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे आणि जिच्यात चुकलं तर आईला स्वयंपाकघरातून कळेल. फ्रेट बदलण्याऐवजी दांडीने वाजवा. नॉब पाचच्या वर न्यायचा नाही. गॅरेजमधले मित्र हसतील, हसू द्या. आणि मुद्रण करून ऐका, वाजवताना आपला कान आपल्यालाच झुकतं माप देतो.

यानंतर काय ऐकायचं, तर मागे जा. १९७७ मध्ये आलेला जॅन हॅमर ग्रुपबरोबरचा लाइव्ह अल्बम घ्या. तिथे बेक तरुण आहे, पिक हातात आहे, आणि हॅमर सिंथेसायझरवर गिटारसारखा वाजवतो, इतका की दोघांत कोण कोणता हे ओळखायला कान लावावा लागतो. रॉनी स्कॉट्सइतका तो मला भावत नाही. कीबोर्डची आतषबाजी जरा जास्तच आहे. पण त्यातला 'स्कॅटरब्रेन' आणि २००७ चा 'स्कॅटरब्रेन' एकापाठोपाठ लावलेत, तर मधल्या तीस वर्षांत त्याच्या उजव्या हातात काय काय बदललं ते मी आणखी पानभर लिहून सांगण्यापेक्षा लवकर कळेल.